सरकलेला बांध

संपादकांचा फोन आला, ‘‘पाळकसाहेब, पश्चात्तापावर लिहा, पण धर्मशास्त्र नको.’’ म्हणजे भरीत करा, पण वांगं भाजू नका. बघतो जमतं का.

विषय डोक्यात घोळत होताच. आमच्या मंडळीतले एक आबा मूळचे असोद्याचे. (नाव आणि शिवार सांगणार नाही. बांधाची भांडणं गावोगाव आहेत, तेव्हा ओळख पटायची भीती नाही.) उपवास-प्रार्थनेत ते उभे राहिले आणि ‘मी महापापी’ म्हणून ढसाढसा रडले. सगळी मंडळी रडली, मीही रडलो. सभा आटोपल्यावर दाराशी चपला शोधता शोधता हळूच म्हणाले, ‘‘पाळकसाहेब, भावाचा बांध म्या कोरला. दरसाल नांगराचं एक तास. वीस सालं.’’

सभेत जे बोलले ते मंडळीतल्या कुणीही बोललं असतं. कबुली दिली ती चपलांपाशी.

लोकांना वाटतं, पश्चात्ताप म्हणजे रडणं. थोडा दोष शब्दाचाही आहे. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. त्यात जळणं आलं, वळणं आलं नाही. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द ‘शूव’, म्हणजे सरळ मागं फिरणं. लॅटिनमध्ये ‘मेटानोइया’चं ‘पेनिटेन्शिया’ झालं आणि त्याला प्रायश्चित्ताचा वास लागला. १५१७ साली ल्यूथरनं ९५ मुद्दे मांडले, त्यातले पहिले दोन याच शब्दावर आहेत, आणि... असो, संपादक रागावतील. असोद्याच्या माणसाला ग्रीक हवं कशाला? बहिणाबाई चौधरींचं माहेर तेच. मनाला त्यांनी पिकात शिरणाऱ्या वढाय गुरासारखं म्हटलं. ते ढोर हाकलून बाहेर काढणं, हाच ‘शूव’. ते रडतंय की नाही, हे शेतकरी बघत बसत नाही.

रडण्याला मी हसत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली हंबरडा फोडून पापं कबूल करू लागल्या, तेव्हा बाहेरच्यांनी नाकं मुरडली. पण खुद्द रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात. ख्रिस्ती धर्म तेव्हा सापडला, ख्रिस्त सापडायला पुढं आठ वर्षं लागली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढी विदुषी, तिचंही एका सभेत भागलं नाही.

दुसरी माझी तक्रार सिनेमावाल्यांवर. सिनेमातली कन्फेशनची जाळी पाहून लोक म्हणतात, ‘तुमचं बरंय, सांगितलं की सुटलात.’ मी प्रोटेस्टंट, आमच्याकडे ती जाळी नाही. पण वसईच्या कॅथलिक धर्मगुरूसमोर चोर बसला, तर चोरलेलं परत कर, हे त्याला ऐकावं लागतं. आम्ही मात्र ‘कृपा, कृपा’ म्हणत नेमकी ही पायरी गाळतो. बायबलमधल्या जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, यावर आम्ही तासभर उपदेश करू. सातबारा काढून आण, असं कुणाला म्हणणार नाही.

मीही म्हणालो नाही. त्या रात्री आबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, ‘प्रभूनं क्षमा केली’ म्हणालो. त्यांचा चेहरा इतका निवळला, की पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ वारला.

अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, ही येशूची आज्ञा मी चाळीस वर्षं वाचून दाखवतोय.

हा लेख धाडण्याआधी आबांना वाचून दाखवला. ‘‘छापा,’’ म्हणाले. बांधाविषयी काही बोलले नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पुढच्याच बाकावर असतात, आणि प्रभुभोजनाचा प्याला मी त्यांच्या हाती देतो.