भित्र्याची लेक

डिट्रायटस या ग्रहावर आकाश मोडक्या लोखंडाचे आहे. ग्रहाभोवती जुने यंत्रतळ, जहाजे बांधण्याचे ओसाड कारखाने आणि निखळलेल्या तुकड्यांचे थरावर थर फिरत असतात. त्यांतून मधूनच काहीतरी सुटते, पेट घेते आणि जमिनीवर येऊन आदळते. अशा आकाशाखाली उघड्यावर घर बांधता येत नाही, म्हणून इथली माणसे भुयारांत राहतात. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी अवकाशयानांचा एक परागंदा ताफा या ग्रहावर कोसळला. त्यातून वाचलेल्यांचे हे वंशज. क्रेल नावाचा शत्रू वरून टेहळत असतो आणि माणसे मोठ्या संख्येने एकत्र आली की हल्ला करतो. या शत्रूचा चेहरा कुणीही पाहिलेला नाही. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाच्या ‘स्कायवर्ड’ (२०१८) या कादंबरीची ही भूमी. तिची नायिका स्पेन्सा नाइटशेड सतरा वर्षांची आहे. ती भुयारांत उंदरांची शिकार करते, आणि तिला वैमानिक व्हायचे आहे.

ही इच्छा वडिलांनी दिलेली. ती आठ वर्षांचीही नव्हती तेव्हा लढाऊ वैमानिक असलेल्या झीन नाइटशेडने तिला पहिल्यांदा भुयाराबाहेर आणले. भंगाराचे थर फिरता फिरता क्वचित एका रेषेत येतात आणि त्यांच्यातली भोके जुळतात. तशी ती त्या दिवशी जुळली, आणि त्या फटीतून बापलेकींना तारे दिसले. ज्या मुलीने तोवर डोक्यावर फक्त खडक पाहिला होता, तिला एका क्षणात कळले की वर छत नाही. पुढे जे घडते त्याचे मूळ या थोड्या क्षणांत आहे. आकाश एकदा पाहिलेल्या माणसाला भुयारात कोंडता येते, पण भुयारालाच जग मानायला लावता येत नाही.

त्यानंतर थोड्याच काळात आल्टाची लढाई झाली. विखरून, लपून जगणाऱ्या माणसांनी पहिल्यांदा उघड्यावर तळ उभारून तो राखला, तो या लढाईत. त्यांच्या राष्ट्राचा जन्मच इथला. याच लढाईत झीन नाइटशेड मोर्चा सोडून पळाला आणि त्याच्याच सोबत्यांनी त्याचे विमान पाडले, असे जाहीर झाले. ज्यांनी त्या दिवशी तळ राखला ते ‘प्रथम नागरिक’ ठरले. त्यांना मानमरातब मिळाला आणि त्यांच्या मुलांना वैमानिक शाळेत परीक्षेविना प्रवेश मिळू लागला. सन्मान जिथे रक्तातून उतरतो तिथे बट्टाही रक्तातूनच उतरणार. एकाच दिवसाने काही घरांना पिढीजात मान दिला आणि एका घराला पिढीजात लाज. जॉर्गन हा प्रथम नागरिकाचा मुलगा आपले स्थान जितके स्वाभाविक समजतो, तितक्याच स्वाभाविकपणे लोक स्पेन्साला भित्री समजतात. ती लहान असो, मोठी होवो, काहीही करो, निकाल आधीच लागलेला असतो.

कलंक रोजच्या जगण्यात कसा झिरपतो हे सँडरसनने बारकाईने दाखवले आहे. स्पेन्साच्या आईला कुणी काम देत नाही. मुलीने मारून आणलेल्या उंदरांचे मांस शेवाळाच्या पोळीत गुंडाळून ती रस्त्यावर विकते. घरातली आंधळी आजी नातीला जुन्या पृथ्वीवरच्या योद्ध्यांच्या गोष्टी सांगते आणि डोळे मिटून ताऱ्यांकडे कान द्यायला शिकवते. नातीनेही त्या गोष्टींचे चिलखत करून अंगावर चढवले आहे. कुणी हिणवले की ती शत्रूच्या कवट्यांचे पेले करण्याच्या थाटात बोलू लागते. वाचकाला सुरुवातीला या वल्गनांची गंमत वाटते, मग त्यांच्या आड काय आहे ते दिसते आणि पोटात कालवते. ज्याला जगाने भित्रा ठरवले आहे त्याला एक क्षणही घाबरण्याची मुभा नसते. इतरांची भीती ही त्या वेळेपुरती भीती असते. स्पेन्साची भीती हा पुरावा ठरतो.

हे केवळ कल्पनेतल्या ग्रहावर घडते असे नाही. पहिल्या महायुद्धात हॅरी फार या ब्रिटिश सैनिकाला तोफांच्या माऱ्याने मनाचा तोल ढळल्यामुळे १९१५ मध्ये पाच महिने रुग्णालयात ठेवावे लागले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९१६ मध्ये, आघाडीवर जायला नकार दिल्यावर त्याला भ्याडपणाच्या आरोपाखाली स्वकीयांनीच गोळ्या घातल्या. त्याच्या विधवेचे निवृत्तिवेतन बंद झाले. घरात हे नाव उच्चारायचे नाही असा दंडक पडला आणि मुलीला बापाचे काय झाले हे ऐन प्रौढपणी कळले. त्या मुलीने नंतर सरकारशी झगडा मांडला. २००६ मध्ये ब्रिटनने अशा ३०६ सैनिकांना माफी दिली, तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती. त्या कायद्यानेही मूळ दोषसिद्धी पुसली नाही, माफी तेवढी दिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने उड्डाणाला नकार देणाऱ्या वैमानिकांच्या कागदांवर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शेरा मारण्याची पद्धत १९४० पासून ठेवली होती. सैन्याला शस्त्रांइतकीच अशा शेऱ्यांची गरज भासते. शेरा एकावर बसतो, त्याची जरब सगळ्यांवर राहते.

वैमानिक शाळेच्या परीक्षेत स्पेन्साच्या हाती भलतीच प्रश्नपत्रिका दिली जाते. सेनाप्रमुख जूडी आयव्हन्स हिला ती शाळेत नकोच असते. ‘आयर्नसाइड्स’ या नावाने ओळखली जाणारी ही बाई कोत्या मनाची नाही, आणि तिचा विरोध वाचकाला सहजासहजी उलगडत नाही. कॉब हा लंगडा, तिरसट शिक्षक आपल्या अधिकारात स्पेन्साला वर्गात घेतो. तेव्हा सेनाप्रमुख दुसरी वाट काढते: या मुलीने तळावर झोपायचे नाही आणि भोजनगृहात जेवायचे नाही. मग स्पेन्सा जवळच्या एका गुहेत राहते, उंदीर भाजून खाते आणि पहाटे उठून वर्गात हजर होते. त्याच गुहेत तिला दीर्घकाळ पडून असलेले एक विमान सापडते. त्याच्या यंत्रात एक बोलकी बुद्धी आहे, एम-बॉट तिचे नाव, आणि तिला कुत्र्याच्या छत्र्यांच्या जातींची यादी करण्याचा विलक्षण सोस आहे. हाकलून दिलेल्या मुलीला नेमके हाकलल्यामुळेच हे सापडते, ही कथेची बांधणी पक्की आहे.

प्रशिक्षणाचा भाग या कादंबरीचा प्राण आहे. मुले आधी वर्गातच, प्रकाशाने उभ्या केलेल्या आभासी आकाशात उडतात. वेगात वळताना शरीरावर येणारा भार विमानातली यंत्रणा जेमतेम काही क्षण पेलते. त्यानंतर रक्त मेंदूतून उतरू लागते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रकाशाचा एक दोर फेकून कोसळत्या भंगाराला विमान अडकवायचे आणि त्याच्या आधाराने अशक्य कोनात गर्रकन वळायचे, ही इथली खास विद्या. पण कॉब सगळ्यांत जास्त वेळा बजावतो ती गोष्ट कसबाची नाही. विमान हातचे गेले की स्वतःला बाहेर झोकून द्या, जीव वाचवा, हे तो बजावत राहतो. मुलांना ते मानवत नाही. विमानांना तरंगत ठेवणारे दगड दुर्मीळ आहेत, माणसे त्या मानाने पुष्कळ, आणि जखमी विमान सोडून उडी मारणारा भित्रा, असा अलिखित नियम सगळ्यांच्या मनात बसलेला आहे. हर्ल ही स्पेन्साची जिवलग मैत्रीण. तिच्या विमानाला मार बसतो, उडी मारायला वेळ असतो, पण ती विमान वाचवू पाहते आणि त्यासह जाते.

इथे लेखकाने कल्पनेच्या आडून खरी, जुनी जखम उघडी केली आहे. पहिल्या महायुद्धात बलूनमधून टेहळणी करणाऱ्या ब्रिटिश निरीक्षकांना पॅराशूट मिळत, लढाऊ वैमानिकांना मात्र ते दिले गेले नाही. जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये पॅराशूट मिळू लागले, तरी ब्रिटिश वैमानिक पेटत्या विमानांत बसून राहिले. पॅराशूटचे वजन आणि त्याची बेभरवशाची रचना ही कारणे होतीच. पण सुटकेची सोय दिली तर वैमानिक विमान लवकर सोडतील, ही वरिष्ठांची धास्तीही इतिहासात नोंदलेली आहे. हर्लचा मृत्यू वाचताना ते वैमानिक आठवल्याशिवाय राहत नाहीत.

पुढे एका लढाईत तीच वेळ स्पेन्सावर येते, आणि ती बाहेर पडते. आयुष्यभर ज्या शब्दाशी झुंज दिली तो आता आपल्याला खरोखर लागू झाला, असे तिला वाटते. सेनाप्रमुखही तेच कारण पुढे करून तिला शाळेतून काढते. कादंबरीतला सगळ्यांत काळोखा टप्पा हा. एरवी अशा कथांत नायिका या ठिकाणी आपले शौर्य सिद्ध करते आणि सगळे मिटते. सँडरसन त्याआधी एक फार अवघड गोष्ट करतो. तो तिला बापाविषयीचे सत्य दाखवतो.

‘टॉप गन’ (१९८६) या गाजलेल्या चित्रपटात तरुण वैमानिकाच्या बापावरही असाच डाग असतो. व्हिएतनामच्या युद्धात तो कसा गेला, हे कुजबुजीचा विषय झालेले असते. शेवटी एक वरिष्ठ अधिकारी सांगतो की तो वीरासारखा लढत गेला, फक्त ती हकीकत गुप्त ठेवावी लागली. मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरते. ‘स्कायवर्ड’मध्ये असे काही होत नाही. आल्टाच्या लढाईचे जुने चित्रण स्पेन्सा पाहते. बाप पळाला नव्हता हे तिचे म्हणणे खरे ठरते. तो भंगाराच्या थरांतून वर गेला, परत फिरला, आणि त्याने आपल्याच सोबत्यांवर गोळ्या झाडून त्यांना मारले. त्याचे विमान पाडणारा त्याचा जोडीदार म्हणजे तोच कॉब, जो आज त्याच्या मुलीला उडायला शिकवतो आहे. शत्रूने झीनच्या मनात शिरून त्याला सोबत्यांच्या जागी शत्रू दाखवला होता. काही माणसांच्या मनाला असा दरवाजा असतो आणि तो रक्तातून येतो. हे लोकांना कळले तर शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहील, म्हणून सेनाधिकाऱ्यांनी त्यातल्या त्यात सोपे असत्य निवडले: तो भित्रा होता. त्या असत्याची किंमत एका सात वर्षांच्या मुलीने आणि तिच्या आईने भरली.

म्हणजे सत्य कलंकाहून अधिक भयंकर निघते. बापाला निर्दोष ठरवण्यासाठी जगणाऱ्या मुलीला कळते की तो निर्दोष नव्हता आणि दोषीही नव्हता. त्याहून वाईट हे की तोच दरवाजा तिच्याही मनात आहे. ताऱ्यांकडे कान द्यायला आजीने शिकवले होते, आणि आता तिला ते खरोखर ऐकू येऊ लागतात. तरीही अखेरच्या लढाईत ती उड्डाण करते. शत्रू तिच्याही मनाशी खेळतो, पण ती वाहवत नाही. इथे ती बापासारखी नाही हे सिद्ध होत नाही, कारण ती बापासारखीच आहे. तिच्यापाशी फक्त दोन गोष्टी जास्त आहेत: काय घडू शकते याचे ज्ञान, आणि कानाशी बोलणारा सोबती. झीनला यांतले काहीच मिळाले नव्हते. त्याच्या आधीच्या पिढीने जे माहीत होते ते दडपून ठेवले होते.

‘स्टारसाइट’ (२०१९), ‘सायटॉनिक’ (२०२१) आणि ‘डिफायंट’ (२०२३) या पुढच्या तीन कादंबऱ्यांत हा रक्तातला ‘दोष’ म्हणजेच ताऱ्यांमधले अंतर क्षणात ओलांडण्याची शक्ती, हे स्पष्ट होत जाते. डिट्रायटसवर आदळलेल्या ताफ्यातल्या यंत्रखोलीत आजीची आई हेच काम करत असे. त्या पुस्तकांचा पसारा मोठा आहे, नवे जीव आणि नवी राजकारणे त्यांत येतात; पण पहिल्या पुस्तकाची धार त्यांना नाही. पहिल्यात एक मुलगी, एक गुहा आणि एक शब्द एवढेच भांडवल आहे, आणि ते पुरून उरते. किशोरांसाठी लिहिलेली म्हणून ही कादंबरी मोठ्यांनी बाजूला ठेवू नये. आणि ज्या घरात बापाच्या किंवा आजोबाच्या नावाने मुलांना ऐकून घ्यावे लागते, त्या घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती ती जरूर द्यावी.