जी मायनरचा बॅलाड

आठवी ग्रेड मागे पडली की पियानो शिकणाऱ्यांपैकी अनेकांना ओढ लागते ती याची. शोपँचा पहिला बॅलाड, जी मायनर, ओपस 23. छापून आला 1836 साली. शूमानने शोपँला सांगितलं की तुमच्या रचनांत मला हाच सगळ्यांत आवडतो. शोपँ बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, मलाही.

पहिल्या भेटीत हा मोठा मनमिळाऊ वाटतो. दोन्ही हात एकच सूर धरून खालून वर चढतात, तेही ए फ्लॅट मेजरमध्ये. आपण मूळचे कुठले, ते सुरुवातीला सांगतच नाही. सातव्या बारमध्ये एक ई फ्लॅट येतो आणि कानाला टोचतो. काही संपादकांनी तो बदलून सरळ डी केला. मला तो बदल मुळीच पटत नाही. याच्या मनात काहीतरी सलतंय, हे त्या एका सुरातच पहिल्यांदा कळतं. पुढे सहा-चारच्या ठेक्यात मुख्य धून सुरू होते. हात सहज बसतो आणि माणूस हुरळतो.

याचा खरा स्वभाव दुसऱ्या धुनेत आहे. ती तीनदा येते. आधी ई फ्लॅट मेजरमध्ये अगदी हलक्या आवाजात, मग ए मेजरमध्ये पूर्ण ताकदीने, शेवटी पुन्हा ई फ्लॅटमध्ये, पण आता भरल्या छातीने. बोटं चपळ असून इथे भागत नाही. पहिल्याच खेपेला सगळा जीव ओतला, तर दुसऱ्या खेपेसाठी हातात काही उरत नाही. बॅलाड बसवायला घ्यावा तो या तीन भेटींसाठी, असं मी मनापासून मानतो.

आणि मग कोडा. प्रेस्टो कोन फुओको. डावा हात खालच्या सुरावरून वरच्या कॉर्डवर उड्या घेतो, उजव्या हाताचे आघात ठेका चुकवून पडतात आणि शेवटच्या पानावर ऑक्टेव्ह समोरासमोर धावून येतात. आधीची आठ मिनिटं कितीही सुरेख वाजवलेली असोत, इथे हा कुणाची गय करत नाही. ‘द गार्डियन’चे तेव्हाचे संपादक ॲलन रसब्रिजर यांनी रोज वीसेक मिनिटं काढून हा वर्षभरात बसवायचं ठरवलं होतं. वर्ष अपुरं पडलं.

म्हणून याला घ्यायचं तर कोड्यापासूनच सुरुवात करावी. आधी डावा हात एकटा, सावकाश, उडीचं अंतर डोळे मिटून सापडेपर्यंत. महिनाभरानंतरही मनगट आखडत असेल, तर तूर्त ब्राम्सची जी मायनर रॅप्सडी घ्यावी, ओपस 79 मधली दुसरी. सूर तोच, आवेगही तसाच, आणि हातांवर तिची मेहेरनजर जास्त.