खंड, वेतन, व्याज, नफा

साहित्याच्या अभ्यासकांना अर्थशास्त्राचे वावडे असते आणि त्याला काही अंशी अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तकेच जबाबदार आहेत. भूमीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज आणि संयोजकाला नफा मिळतो, असे आपण शाळेत शिकलो. जणू चार भाऊबंदांत वाटणी झाली आणि ती सर्वांना मान्यही आहे! ही वाटणी कोणी केली, कोणाच्या बळावर केली, हा प्रश्न त्या धड्यात येत नाही. रिकार्डोने मात्र १८१७ च्या आपल्या ग्रंथात, ही वाटणी कोणत्या नियमांनी होते याचा शोध हाच राजकीय अर्थशास्त्राचा मुख्य विषय मानला. मार्क्सने त्या नियमांमागचे मालकीचे संबंध उघडे केले.

मी या ग्रंथांकडे वळलो तो जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकामुळे. संपानंतर मोडत गेलेल्या गिरणी कामगार कुटुंबाच्या त्या कथेविषयी आपण शोकात्मता, विघटन, परात्मता या शब्दांत बोलतो. ते शब्द खोटे नाहीत. पण वाचताना मला एक साधा प्रश्न छळत राहिला: गिरण्या बुडाल्या, कामगार बुडाले, मग पुष्कळसे मालक तरले कसे?

उत्तर 'खंड' या शब्दात सापडले. खंड ही जमीनमालकाच्या कष्टांची कमाई नव्हे. रिकार्डोच्या मते लोकसंख्या वाढली की हलक्या कसाची जमीनही लागवडीखाली येते आणि सुपीक जमिनीच्या मालकाचा खंड आपोआप चढतो. मार्क्सच्या मृत्यूनंतर १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'भांडवल'च्या तिसऱ्या भागात हे विवेचन शहरांतील इमारतींच्या जमिनींपर्यंत येते.

आता मुंबईकडे पाहा. गिरण्या वाढू लागल्या तेव्हा परळ शहराच्या वेशीवर होते. पुढे शहर उत्तरेकडे पसरले, लोकल गाड्यांनी उपनगरे जोडली आणि वेस मध्यभागी आली. जमिनीचे मोल वाढवले ते गोदीत, रेल्वेत, गिरणीत राबणाऱ्या लाखोंनी. ते साठले मात्र सातबारा ज्याच्या नावे त्याच्याकडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा भांडण वेतनाचे आणि बदली कामगारांना कायम करण्याचे होते. म्हणजे नफ्यातील वाट्याचे. पण मागापेक्षा मागाखालची जमीन मोलाची ठरू लागली होती. नफ्याचे भांडवल खंडाकडे वळत होते आणि खंडाला विणकराची गरज नसते.

पुढची लढाई तर थेट शब्दार्थावर झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी 'मोकळ्या जमिनी'पुरती उरली. गिरणी पाडल्यावर मोकळी होणारी जागा मोकळी म्हणायची की नाही? उच्च न्यायालयाने २००५ साली होय म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो निर्णय फिरवला. एका विशेषणाच्या अर्थावर मैदाने आणि परवडणारी घरे अवलंबून होती.

शब्दांचे अर्थ लावणे हे आपले काम. नियमावलीतील विशेषण आपण वकिलांवर सोडतो आणि नाटकातील विलाप तेवढा स्वतःकडे ठेवतो, ही विभागणी मला पटत नाही. राजकीय अर्थशास्त्र 'अधांतर'मधील आईचे दुःख सांगू शकणार नाही. तिने घर कसे सावरले हे नाटकच सांगते. पण तिच्या पायाखालच्या जमिनीचा भाव का वाढत होता, हे कळल्यावाचून ते दुःख नियतीचे वाटत राहते. ते नियतीचे नव्हते. त्याला मालक होते, नियम होते आणि तारखाही होत्या.