बर्फावरची कारकीर्द

'कारकीर्द' हा शब्द उच्चारतांच आम्हां शिकल्यासवरल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. पदवी, नोकरी, दोन-चार बढत्या, आणि साठीच्या आसपास भाषणें, हारतुरे व पेन्शन. ज्या आयुष्यक्रमाच्या शेवटीं शाल-श्रीफळ नाहीं, त्यास कारकीर्द म्हणावयास आमची जीभ सहसा वळत नाहीं. आम्हीं स्वतः अध्यापनाच्या पेशांत उभी हयात घालविली असल्यामुळें या चित्रावर आमचा लोभ आहे. तथापि कॅनडांतील सारा बर्क या तरुणीचें चरित्र मनांत आलें कीं हें मोजमाप अपुरें वाटूं लागतें.

सारेचा जन्म १९८२ सालीं ओंटॅरिओ प्रांतांत झाला. पायांत स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या शर्यती पुष्कळांनीं चित्रांतून पाहिल्या असतील. मुक्त शैलीच्या प्रकारांत मात्र हवेंतील कसरतींस मोठें महत्त्व असतें. सारेचा विशेष प्रकार म्हणजे 'हाफपाइप'. एखादी प्रचंड नळी लांबीनें चिरून तिचा अर्धा भाग डोंगराच्या उतारावर निजवावा, तसा हा बर्फाचा चर असतो. त्याच्या दोन्ही भिंती सुमारें २२ फूट उंच. एका भिंतीवरून वर उसळावयाचें, हवेंत गिरक्या घ्यावयाच्या, पुन्हां त्याच भिंतीवर उतरून समोरच्या भिंतीकडे धांव घ्यावयाची. या गिरक्या अंशांत मोजतात : ७२० म्हणजे दोन, १०८० म्हणजे तीन पूर्ण फेरे. स्पर्धेंत १०८० अंशांची उडी साधणारी सारा ही पहिली स्त्री होय.

परंतु उड्यांपेक्षां तिची खटपट आम्हांस अधिक मोलाची वाटते. ती या खेळांत उमेदवारी करीत होती त्या काळीं स्त्रियांसाठीं निराळ्या स्पर्धा जवळजवळ नव्हत्याच. ती पुरुषांच्या स्पर्धांत उतरे, आणि चालकांकडे स्त्रियांसाठीं जागा मागे. २००५ सालीं तिनें जागतिक विजेतेपद मिळविलें. 'एक्स गेम्स' या नांवाच्या हिंवाळी मेळाव्यांत २००७, २००८, २००९ व २०११ या सालीं सुवर्णपदकें पटकावलीं. पदकें मिळाल्यावर मनुष्य बहुधा स्वस्थ बसतो. हिनें मात्र हाफपाइपला ऑलिंपिकमध्यें स्थान मिळावें म्हणून पाठपुरावा चालूच ठेवला. एप्रिल २०११ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें सोची येथील २०१४ च्या खेळांसाठीं तें मान्य केलें.

पुढें अवघ्या नऊ महिन्यांनीं, १० जानेवारी २०१२ रोजीं, अमेरिकेंतील यूटा राज्यांत पार्क सिटी येथें सराव करतांना ती पडली. उडी तिच्या नेहमींच्या आटोक्यांतलीच होती. पण मानेंतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली, हृदय बंद पडलें, मेंदूस प्राणवायु मिळेना. आणि १९ तारखेस, वयाला २९ वर्षें पुरीं झालेलीं असतां, तिचा अंत झाला. तिच्या इच्छेप्रमाणें तिचे अवयव गरजूंना देण्यांत आले.

असल्या वेळीं 'कशाला हवे होते हे उद्योग?' असा प्रश्न शहाणीं माणसें टाकतात. हा प्रश्न आम्ही हंसण्यावारीं नेणार नाहीं. ज्याच्या घरीं मुलें आहेत त्याच्या तोंडीं तो येणारच. २००९ सालीं तिच्या पाठीचा मणका मोडला होता, तरी ती परत बर्फावर गेली. पण तिला धोक्याचीच हौस होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. जी व्यक्ति वर्षानुवर्षें एकच मागणी घेऊन चालकांपुढें उभी राहते, तिला उतावळी कसें म्हणावें? धोका ही तिनें आपल्या कामासाठीं मोजलेली किंमत होती.

आमच्या मतें प्रश्न विचारावयाचा तो प्रेक्षकांना. तो सराव एका पुरस्कर्त्या कंपनीनें भरविलेला असल्यामुळें कॅनडाच्या संघटनेचा विमा त्यास लागू पडला नाहीं, आणि रुग्णालयाचा खर्च कुटुंबावर येऊन पडला. लोकांनीं वर्गणी जमविली तेव्हां तो भागला. वर्गणीदारांच्या मनाचा मोठेपणा आम्हांस मान्य आहे. पण ज्या खेळाचें कौतुक लाखों लोक घरबसल्या पाहतात, त्यांतील खेळाडूच्या उपचाराची सोय परक्यांच्या दयेवर अवलंबून असावी हें शोभत नाहीं. धाडसास टाळ्या देणाऱ्यांनीं त्याच्या जखमांचा खर्चही आधींच हिशेबांत धरावयास हवा.

फेब्रुवारी २०१४ मध्यें सोचीला स्त्रियांची हाफपाइप स्पर्धा प्रथमच झाली. सुवर्णपदक अमेरिकेच्या मॅडी बोमनला मिळालें. दुसरी आली ती फ्रान्सची मारी मार्टिनो. ही खेळ सोडून संसारांत रमली होती. 'परत ये' असा आग्रह तिला सारेनेंच केला होता. सारेनें मागून घेतलेल्या जागेवर अशा रीतीनें दुसऱ्याच उभ्या राहिल्या. आमच्या पेशांत हें नित्याचेंच आहे : वाट दाखवावयाची आणि पुढें दुसऱ्यांनीं जावयाचें. म्हणूनच कीं काय, या कारकीर्दींत आम्हांस उणें कांहीं दिसत नाहीं. वर्षें तेवढीं कमी पडलीं.