पांढऱ्या गाडीला कोणता रंग?

चि. बाय,

अंगणवाडीतल्या मुलांकडून रुग्णवाहिका रंगवून घ्यायचं तू ठरवलंस, ते वाचून फार बरं वाटलं. चार वर्षांच्या पोराला ही गाडी एरवी दिसते कधी? रात्री-अपरात्री, घरात रडारड चालू असताना, आजोबांना उचलून नेताना. मग सायरन ऐकला की पोर आईच्या पदरात शिरतं. त्याआधी हसतखेळत ओळख व्हायला हवी.

पण गाडी पांढरी, कागदही पांढरा; मुलं रंगवणार काय? म्हणून छापील चित्रं वाटू नकोस. खाकी कागदाला गेरू फास, तांदळाची पिठी कालवून दे आणि बोटांनी गाडी काढू दे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे याच दोन रंगांनी जगभर पोचले, 2011 साली पद्मश्री झाले. आपल्या मुलांना हे रंग परके नाहीत. चाकांना किनाऱ्यावरच्या शिंपल्या चिकटवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी मांडली, तेव्हा आसपास मिळेल त्या पानाफुलांतून, बियांतूनच मुलांना शिकवलं. तुझी अंगणवाडी त्यांच्याच वाटेवरची आहे.

चित्रात गाडीचं दार मात्र उघडं ठेव. मुलांना भीती असते ती बंद दाराआड काय चाललंय याची. आत झोपायचं स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळकांडी, शेजारी डॉक्टर, सगळं दिसू दे. आपल्या राज्यात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली, आणि त्या गाडीतून डॉक्टरही येतात, हे त्यांना सांग. मोठ्या मुलांसाठी आरसा आण. गाडीच्या कपाळावर नाव उलटं का लिहितात, ते आरशात बघून त्यांचं त्यांना कळेल. पुढच्या ड्रायव्हरने आरशात वाचून वाट द्यावी म्हणून.

आणि चित्राखाली प्रत्येकाच्या घराची खूण काढून घे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 108 चा फोन पुण्याला उचलतात. तिथल्या माणसाला आपल्या गावाचं नाव नुसतं ‘माहीम’ सांगितलं तर त्याच्या डोळ्यांपुढे मुंबईचं माहीम यायचं! ‘पालघरचं माहीम’ हे मुलांच्या तोंडी बसव, आणि पुढे आपली आळी किंवा पाडा, जवळचं देऊळ, विहीर, किल्ल्याकडचा रस्ता, जे असेल ते. घरात म्हातारी आजी आणि नातू एवढेच असले तर हेच शब्द कामी येतील.

एखादं मूल गाडीऐवजी बांबूला बांधलेली झोळी काढेल. जव्हार-मोखाड्याकडे ज्यांचे नातलग आहेत त्यांनी ती पाहिलेली असते. रस्ता नाही तिथे माणसं अजून आजाऱ्याला खांद्यावर घेऊन चालतात. ते चित्र चुकलं म्हणू नकोस, भिंतीवर बाकीच्यांच्या शेजारीच लाव. त्या खांद्यांनीही जीव वाचवलेत.

‘गाडीतून गेलेलं माणूस बरं होऊनच येतं’ असं मात्र सांगू नकोस. एखाद्याच्या घरी तसं घडलेलं नसेल. ‘गाडीतली माणसं खूप प्रयत्न करतात’ एवढं सांग. ते खरं आहे आणि मुलांना ते पुरतं.

पिठी दाटच कालव, पातळ झाली तर ओघळते. मदतनीस ताईंना नमस्कार सांग, आणि चित्रांचे फोटो पाठव.

तुझी,
मावशी