एका दाराला दोन पहारेकरी

घरांत जागता पुरुष एकाच्या ठिकाणीं दोन झाले म्हणजे घराचें रक्षण दुप्पट होतें, असा आमचा पुष्कळ दिवस समज होता. तो खोटा ठरण्यास एका संगणकाची शिकवणी धरावी लागली. जन्मभर मुलांकडून रामशब्द चालवून घेतलेल्या आमच्यासारख्या मॅट्रिक मास्तरानें उतारवयांत यंत्रापासून धडा घ्यावा, ह्याचें वाचकांस हसूं येईल. पण धडा महाग पडला आहे, म्हणून सांगतों.

सेवानिवृत्तीनंतर आम्हीं घराण्याचा कुलवृत्तान्त लिहावयास घेतला. सदाशिव पेठेंतील आमच्या घरीं अजून एकच चूल आहे. चिरंजीवांनीं आम्हांस संगणक आणून दिला आणि विषाणूंपासून त्याचें रक्षण करणारा एक अँटिव्हायरसही त्यांत बसवून दिला. पुढें १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर विषाणु जगभर सुटला. सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणक त्यानें कुलुपबंद केले आणि किल्लीसाठीं तीनशें डॉलर मागितले; इंग्लंडांत तर सरकारी रुग्णालयांस रोगी परत पाठवावे लागले. ती हकीकत वाचून आमचे पुतणे अस्वस्थ झाले. म्हणाले, “काका, दादानं बसवलेलं आतां जुनं झालं. मी दुसरं चांगलं बसवून देतों.”

पहिलें काढावें तर मुलास वाईट वाटणार, दुसरें नको म्हणावें तर पुतण्यास. शिवाय अधिकाचें फळ अधिकच, असें मनाशीं म्हणून आम्हीं होकार दिला, आणि चिरंजीवांस कांहीं बोललों नाहीं.

ह्या रक्षकांचें काम कसें चालतें, तें आम्हांस मागाहून कळलें. संगणकांतील कोणतीही फाइल उघडली कीं रक्षक तिला दारांतच थांबवितो आणि ठाऊक असलेल्या विषाणूंच्या खुणा तींत आहेत काय, हें ताडून पाहतो. आतां पहारेकरी दोन असले, तर पहिल्यानें तपासावयास फाइल उघडतांच दुसऱ्यास वाटतें कीं कोणी तरी फाइल उघडली. तोही ती धरतो. दोघांच्या ओढाताणींत मालक ताटकळतो. दुसरी अडचण अशी, कीं पहिल्याच्या झोळींत चोरांचीं वर्णनें असावयाचींच. तीं पाहून दुसरा कधीं कधीं त्यालाच चोर ठरवितो! महाभारतांतील सुंद आणि उपसुंद ह्या भावांस एकमेकांवांचून कोणाकडून मरण नव्हतें. अखेर तिलोत्तमेसाठीं ते एकमेकांच्याच हातून मेले. मराठींतील ‘सुंदोपसुंदी’ हा शब्द तेथूनच आला, आणि आमच्या टेबलावर तीच चालली होती.

हें शास्त्र कांहीं दूरदेशींचें नव्हे. आमच्या पुण्यांतच १९९० नंतरच्या दशकांत कैलास काटकर ह्या कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या धंद्यांतून, त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं लिहिलेल्या उताऱ्यावर, आजची क्विक हील कंपनी उभी राहिली. तेथें दोन भावांनीं कामें वांटून घेतलीं. आमच्या घरीं दोन भावांनीं एकच काम, एकमेकांस न विचारतां, दोनदां केलें. आमच्या संगणकावरील दोन रक्षक कोणते, हें सांगण्याचें कारण नाहीं. दोष त्यांचा नव्हता.

त्या ज्येष्ठांत आमच्या आत्याबाई आठ दिवस राहावयास आल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशीं. वंशावळींत मुलींचीं नांवें लिहिण्याची चाल नव्हती. तीं सारीं आत्याबाईंच्या तोंडीं होतीं. त्या सांगत आणि आम्ही थेट संगणकावर उतरवीत असूं. अकरा पानें झालीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्ही तीं जतन करावयास गेलों, तों यंत्र जागच्या जागीं थिजलें. अर्धा तास वाट पाहून आम्हीं भिंतीवरचें बटण बंद केलें. पुन्हा सुरू केल्यावर तो कुलवृत्तान्त कांहीं केल्या उघडेना.

चिरंजीव पुतण्यावर रागावले, पुतणे चिरंजीवांवर. दोन दिवस एकाच पंक्तीस बसून दोघे एकमेकांशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं एक पेनड्राइव्ह आणून आमच्यापुढें ठेवला. म्हणाल्या, “बाबा, दर शनिवारीं मी ह्यांत एक प्रत काढून ठेवत होतें.” सारा ग्रंथ त्यांत होता. नव्हतीं तीं फक्त शेवटच्या आठवड्याचीं अकरा पानें.

मग कळलें कीं वॉनाक्राय ज्या फटींतून शिरला, ती बुजविण्याची सोय मायक्रोसॉफ्टनें २०१७ च्या मार्चमध्येंच करून दिली होती. ज्यांनीं ती वेळेवर घेतली, त्यांस त्याच्यासाठीं दुसऱ्या पहारेकऱ्याची गरज पडली नाहीं. जागता रक्षक एकच असावा. दुसरा हवाच तर बाहेरच्या परीक्षकासारखा, बोलावल्यावर येऊन तपासून जाणारा. विंडोज १० मधील अंगचा रक्षक तर दुसरा आला कीं आपण होऊन बाजूस होतो. एवढी समज यंत्रास दिलेली असतां आम्हां घरच्या वडीलधाऱ्यास ती नसावी, ह्याची लाज वाटली. कारण मुलांचें चुकलें नव्हतें. कोणाचें मन मोडूं नये म्हणून दोघांना ‘होय’ म्हणणारे आम्हीच होतों, आणि त्यास आम्ही सलोखा समजत होतों.

दोघांस समोर बसवून आम्हीं तें कबूल केलें. एक रक्षक ठेवला, एक काढला. सूनबाईंची शनिवारची प्रत आतां घराचा नियम आहे.

आम्ही वही घेऊन आत्याबाईंकडे गेलों. त्यांनीं पुन्हा सांगितलें, पुष्कळसें जुळलेंही. परंतु १८९७ च्या प्लेगांत एकाच आठवड्यांत गेलेल्या, त्यांच्या आजीच्या दोन लहान मुलींचीं नांवें कांहीं त्यांस आठवेनात. “परवां तर सांगितलीं होतीं रे,” एवढेंच त्या म्हणाल्या. पुढील माघांत त्या गेल्या.

कुलवृत्तान्त २०१९ सालीं छापून झाला. त्यांतील वंशवृक्षांत आमच्या पणजोबांच्या नांवाखालीं दोन चौकटी रिकाम्या ठेविल्या आहेत.