बेसलाइन हेही एक मत असतं

रामन स्पेक्ट्रोस्कोपीत यंत्र जे दाखवतं आणि शोधनिबंधात जे छापलं जातं, त्या दोहोंच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो. नमुन्यावर लेसर पडला की साधारण कोटीतला एखादाच फोटॉन रंग बदलून बाहेर येतो. १९२८ मध्ये कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी पाहिला तो हाच प्रकाश. तो इतका क्षीण असतो, की नमुन्यातल्या जराशा अशुद्धीचा फ्लुरोसन्सही त्याच्यावर मात करतो. मग पडद्यावर उमटतो एक तिरका चढ आणि त्यावर उभी असलेली शिखरं. चढ वजा केल्याशिवाय शिखराची उंची कळत नाही. डोंगर मोजायचे, पण समुद्रसपाटी कुठे धरायची ते आपणच ठरवायचं, असा हा मामला. त्या सपाटीला आम्ही बेसलाइन म्हणतो.

माझं काम मुख्यतः कार्बनवर. कार्बनच्या स्पेक्ट्रममध्ये दोन ठळक शिखरं असतात: १३५० प्रति सेंटीमीटरच्या आसपास ‘डी’ आणि १५८०च्या आसपास ‘जी’. डी दिसतं ते जाळीतल्या दोषांमुळे, कडांमुळे. १९७०मध्ये टुइन्स्ट्रा आणि कोएनिग यांनी दाखवलं, की डीच्या उंचीचं जीच्या उंचीशी असलेलं गुणोत्तर वाढतं तसा स्फटिककणाचा आकार घटतो. ५१४.५ नॅनोमीटरचा हिरवा लेसर असेल, तर ४.४ला त्या गुणोत्तराने भागायचं, उत्तर नॅनोमीटरमध्ये. गुणोत्तर १.१ आलं तर कण ४ नॅनोमीटरचा. डीच्या पायथ्याशी बेसलाइन किंचित वर ओढली आणि गुणोत्तर ०.८८वर आलं, तर कण ५ नॅनोमीटरचा. नमुना तोच, फाइल तीच. कण मात्र पाव पट मोठा झाला. उंचीऐवजी क्षेत्रफळ घेतलं तर आकडा आणखी वेगळा, कारण डी बहुधा जीपेक्षा रुंद असतं.

पूर्वी ही बेसलाइन माउसने ओढली जायची. यंत्राबरोबर आलेलं सॉफ्टवेअर उघडायचं, डोळ्याला पटतील तिथे ठिपके ठेवायचे, ‘ओके’ दाबायचं. हात बसलेला माणूस हे काम सुंदर करतो, त्याबद्दल मला आजही आदर आहे. पण ते ठिपके कुठेच नोंदले जात नसत. विद्यार्थी पीएचडी संपवून गेला, की त्याची बेसलाइनही त्याच्याबरोबर जायची. निबंधात उरायचं एकच वाक्य: ‘पार्श्वभूमी वजा केली.’

२००५मध्ये आयलर्स आणि बोलेन्स यांनी एका अहवालात जी पद्धत मांडली, तिच्यात ही सगळी नजर दोन आकड्यांत उतरते. लॅम्डा म्हणजे रेषा किती ताठ असावी. त्यांच्या मते शंभरापासून शंभर कोटींपर्यंत काहीही. पी म्हणजे रेषेच्या वर राहिलेल्या बिंदूंना किती कमी वजन द्यायचं, ०.००१ ते ०.१. सोबत जेमतेम काही ओळींचा कोडही दिलेला. आज पायथनमधल्या ‘पायबेसलाइन्स’ या मुक्त संग्रहात अशा पन्नासहून अधिक पद्धती मिळतात. वक्र बसवायला ‘एलएमफिट’ आहे. माउस सोडवत नसेल त्याच्यासाठी ‘फिटिक’ आहे: तिथे क्लिक केलं तरी प्रत्येक कृतीची आज्ञा लिहून राहते.

पद्धत अशी उघड्यावर ठेवण्याचा फायदा काय, याचं माझं आवडतं उदाहरण संगणकीय कोडच्या या जमान्याआधीचं आहे. सॅव्हिट्झ्की आणि गोले यांनी १९६४मध्ये स्पेक्ट्रम मऊ करण्याची पद्धत दिली आणि तिचे गुणांक कोष्टकांत छापले. कोष्टकांत चुका होत्या. आकडे सगळ्यांसमोर होते म्हणून त्या सापडल्या आणि १९७२मध्ये इतर संशोधकांनी दुरुस्त करून छापल्या. तेच गुणांक एखाद्या बंद डब्यात असते, तर चूक तशीच चालू राहिली असती, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

म्हणून आमच्याकडे काही शिस्ती आहेत. यंत्रातून आलेल्या मूळ फाइलला हात लावायचा नाही. ती साध्या मजकुराच्या रूपातही जपायची, कारण बंद फॉरमॅट वाचणारा प्रोग्रॅम उद्या असेलच असं नाही. यंत्राची मोजपट्टी तपासण्यासाठी सिलिकॉनचं ५२०.५चं शिखर त्याच दिवशी मोजून त्याची फाइल शेजारी ठेवायची. कॉस्मिक किरणांचे काटे आधी काढायचे, मऊपणा नंतर. क्रम उलटला तर काटा पसरून शिखरासारखा दिसू लागतो. वापरलेल्या प्रत्येक संग्रहाची आवृत्ती लिहायची. ज्युपिटर नोटबुक पाठवण्याआधी वरून खालपर्यंत एकदा सलग चालवायची, कारण मधलीच एखादी ओळ आधी चालवून मिळालेलं उत्तर दुसऱ्याच्या संगणकावर मिळत नाही.

एवढं करूनही उत्तर बरोबर असेल याची हमी नाही. चुकीची लॅम्डा हजार वेळा चालवली, तरी हजार वेळा तीच चूक निष्ठेने परत येते. पुन्हा तेच उत्तर मिळणं आणि उत्तर खरं असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोडमध्ये आधीच भरून ठेवलेले आकडे विचार न करता वापरणं म्हणजे तर दुसऱ्याचं मत न वाचता त्याखाली सही करणं.

‘मग बरोबर लॅम्डा कोणती?’ हा विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न. मी म्हणतो, पटण्याजोग्या सगळ्या वापर. माउसने हे करायला आठवडा गेला असता. स्क्रिप्टला काही सेकंद पुरतात. प्रत्येक वेळी कणाचा आकार काढ आणि तो कुठून कुठे सरकतो ते बघ. तो ४ ते ५ नॅनोमीटरमध्ये फिरत असेल, तर निबंधात ४.३७ लिहायचा आपल्याला अधिकार नाही. ‘४ ते ५’ लिही आणि स्क्रिप्ट सोबत जोड. लेसरची आणि डिटेक्टरची अनिश्चितता आपण इमानाने देतो. बेसलाइन ओढणाऱ्याची अनिश्चितताही त्याच ओळीत यायला हवी.